‘व्यवसाय : मजूर’ एवढ्याने आमच्या फुप्फुसांचे निदान होणार नाही



नाशिकच्या कुठल्याही कामगार वस्तीत जा आणि विचारा, महिनाभर थांबत नाही त्या खोकल्याला काय म्हणतात? उत्तर एकच येईल. टीबी. डॉक्टरांनी म्हणायच्या आधी शेजारी म्हणतात. मग त्या माणसाचे ताट-तांब्या वेगळे होतात, पोरीच्या सोयरिकीची बोलणी थांबतात आणि कामावरचा मुकादम सांगतो, बरा झालास की ये.

टीबी आपल्या वस्त्यांत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपत असतील, खोलीला खिडकी नसेल आणि ताटात पुरेसे अन्न नसेल, तर टीबी येणारच. पण प्रत्येक खोकला टीबीचा नसतो. फुप्फुस अनेक कारणांनी आजारी पडते आणि त्यातली कितीतरी कारणे आपण जिथे घाम गाळतो तिथेच असतात. फाउंड्रीतली वाळू, यंत्रमागाचा कापूस, विडीची तंबाखू, गटारातला वायू, कचऱ्याची धूळ, बागेतली फवारणी. या सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळे होणे ही व्यवस्थेची सोय आहे.

आम्हाला या लेखात एवढेच मांडायचे आहे की आजाराचे खरे नाव कळणे हा रुग्णाचा हक्क आहे. तो हक्क मिळायला दोन गोष्टी लागतात. एक यंत्र आणि एक प्रश्न. यंत्र महाग आहे, प्रश्न फुकट आहे. आपल्या माणसाच्या वाट्याला यातले काहीच वेळेवर येत नाही.

दुर्बीण म्हणजे नेमके काय

आधी यंत्राचे बोलू, कारण त्याबद्दल आपल्याकडे भीती फार आणि माहिती कमी.

१८९७ चा मार्च महिना आठवा. पुण्यात प्लेगची साथ होती. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर सावित्रीमाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच महिन्यात तिकडे जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात गुस्ताव किलियन नावाच्या डॉक्टरने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा नळी घालून बाहेर काढला. ब्रॉन्कोस्कोपीची सुरुवात तिथून मानतात. ती नळी धातूची आणि ताठ होती. पुढे १९६० च्या दशकात टोकियोच्या शिगेटो इकेडा यांनी वाकणारी, काचतंतूंची दुर्बीण तयार केली आणि ही तपासणी रोजच्या वापरात आली.

आज ही नळी साधारण करंगळीपेक्षा बारीक असते. टोकाला दिवा आणि कॅमेरा. काही तास उपाशी ठेवून, घसा औषधाने बधिर करून, गुंगीचे औषध देऊन ती नाकातून किंवा तोंडातून श्वासनलिकेत उतरवतात. पडद्यावर आतले दिसते. थोडे सलाइन सोडून ते परत ओढून घेतात आणि त्या धुतलेल्या पाण्यात जंतू किंवा वेगळ्या पेशी आहेत का ते बघतात. ज्याला बेडका पडतच नाही अशा रुग्णाचा टीबी याच पाण्याच्या तपासणीतून पकडता येतो. गरज असेल तर चिमट्याने कणभर तुकडा घेतात.

पण साध्या दुर्बिणीला भिंतीपलीकडचे दिसत नाही. छातीच्या मधोमध, श्वासनलिकेच्या बाहेरून चिकटलेल्या गाठी असतात. त्या टीबीने सुजतात, कर्करोगाने सुजतात, सारकॉइडोसिस नावाच्या आजाराने सुजतात आणि धुळीनेही सुजतात. पूर्वी त्या गाठींपर्यंत जायला गळ्याच्या खाली छेद घेऊन ऑपरेशन करावे लागे. आता दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचे छोटे यंत्र बसवलेले असते. डॉक्टर पडद्यावर गाठ बघत बघत भिंतीतून सुई घालतात आणि नमुना घेतात. याला ईबस म्हणतात. बरेचदा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. याच्याही पुढे क्रायोबायोप्सी आहे. तिच्यात अतिथंड टोकाने फुप्फुसाचा कण गोठवून काढतात. त्यात रक्तस्राव होण्याचा किंवा फुप्फुसातली हवा बाहेर फुटण्याचा धोका जास्त, म्हणून ती सगळीकडे आणि सगळ्यांची करत नाहीत.

ही तपासणी प्रत्येक खोकल्याला लागत नाही. आधी बेडका, एक्स-रे, मग सीटी स्कॅन आणि एवढे करूनही उलगडा झाला नाही तर दुर्बीण. कुणाची करायची आणि कुणाचे हृदय किंवा ऑक्सिजन ती झेपू देणार नाही, हे डॉक्टरच ठरवणार. पण ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ ही वस्तीत फिरणारी गोष्ट आपण तरुणांनी थांबवली पाहिजे. या एका समजापायी माणसे तपासणी टाळतात आणि मग अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे वळतात. बुद्धाच्या धम्मात कारण शोधल्याशिवाय दुःखाचा उपाय नाही. तपासणी म्हणजे कारण शोधणे.

एका कॅरीबॅगमधले अकरा कागद

आम्ही काही जण गेली काही वर्षे वस्तीतल्या रुग्णांबरोबर दवाखान्यात जातो. रांगेत उभे राहतो, फॉर्म भरतो, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना समजावून सांगतो. त्यातल्याच एका माणसाची ही हकीकत. त्यांना आम्ही काका म्हणतो.

काका औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत सतरा वर्षे ठेक्यावर होते. सुरुवातीला साच्यातून कास्टिंग झोडून काढायचे काम, नंतर फेटलिंग. म्हणजे गार झालेल्या कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू आणि जादा धातू ग्राइंडरने घासून काढायचा. सतरा वर्षांत ठेकेदार चार बदलले. शेड तीच, ग्राइंडरही जवळपास तोच. तोंडाला बांधायला घरचा रुमाल.

खोकला लागला तेव्हा पहिल्यांदा बेडका न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने घेतल्या. थोडे बरे वाटले, परत दम लागू लागला. दुसऱ्या दवाखान्यात बेडका तपासला. जंतू सापडला नाही, पण एक्स-रेवर ठिपके होते, म्हणून पुन्हा टीबीचाच कोर्स. काकांनी तोही पूर्ण केला. एक गोळी चुकवली नाही. घरात त्यांचे ताट वेगळे होते ते वेगळेच राहिले. नातवाला त्यांच्या मांडीवर देत नसत.

तिसऱ्या खेपेला सीटी स्कॅन झाला. छातीत गाठी दिसल्या. टीबी असेल, कर्करोगही असेल, ईबस केल्याशिवाय सांगता येणार नाही, असे सांगण्यात आले. खासगीत विचारले तर खर्च काकांच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या वर जात होता आणि तोवर पगार बंद झालेला. शेवटी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात नेले. तीन फेऱ्या झाल्या. पहिली नोंदणीला, दुसरी तारखेला, तिसरी तपासणीला. पहाटेची गाडी, जाताना भाकरी बांधलेली, येताना रात्र.

तपासणीआधी तिथल्या एका तरुण डॉक्टर ताईंनी काकांना विचारले, काम काय करता? काका म्हणाले, मजुरी. ताई म्हणाल्या, मजुरी म्हणजे नक्की काय, हाताने काय करता, धूळ कसली उडते, किती वर्षे? आणि काका दहा मिनिटे बोलले. वाळू, ग्राइंडर, झोडणी, रुमाल, थुंकीतून येणारा काळा चिकट गोळा. इतक्या दवाखान्यांत गेलेला माणूस पहिल्यांदाच स्वतःच्या कामाबद्दल बोलत होता, कारण त्याला पहिल्यांदाच कुणी विचारले होते.

गाठीच्या नमुन्यात टीबीचा जंतू नव्हता आणि कर्करोगही नव्हता. विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे बारीक कण होते. एक्स-रे, सतरा वर्षांचे काम आणि हे कण एकत्र ठेवल्यावर आजाराचे नाव आले. सिलिकोसिस.

परतल्यावर आम्ही काकांच्या कॅरीबॅगमधले सगळे केसपेपर जमिनीवर मांडले. अकरा कागद होते. ‘व्यवसाय’ या रकान्यात सात ठिकाणी ‘मजूर’ लिहिलेले, तीन ठिकाणी कोरे, एका ठिकाणी नुसती रेघ.

त्या एका शब्दात काय काय लपते ते बघा. वाळूतली सिलिका भुकटी होऊन उडते तेव्हा तिचे सर्वांत घातक कण पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या दहापटीहून जास्त असते. रुमालातून ते सहज जातात आणि फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. शरीर ते पचवू शकत नाही, म्हणून त्यांच्याभोवती व्रण तयार होतात. हे व्रण परत जात नाहीत. त्यावर औषध नाही, फक्त दम कमी करण्याचे उपाय आहेत. शिवाय सिलिकाने जखमी झालेल्या फुप्फुसात टीबीही लवकर शिरतो. म्हणजे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात आणि एकमेकांना धरूनही येतात. त्यामुळेच डॉक्टरला काम काय ते विचारावेच लागते. खरे तर सिलिकोसिसचे निदान बहुतेक वेळा छातीचा एक्स-रे आणि कामाचा नीट इतिहास यावरच होते. पहिल्याच केसपेपरवर ‘मजूर’ऐवजी ‘फाउंड्री, फेटलिंग’ लिहिले गेले असते, तर कदाचित काकांच्या छातीत सुई घालायची वेळच आली नसती. फुकटचा प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून महागडे यंत्र लागले. आणि महागडे यंत्र जवळ नव्हते, म्हणून काही वर्षे गेली.

प्रश्न कुणी शिकवला?

वैद्यकशास्त्रात हा प्रश्न नवा नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. डॉक्टर रुग्णाला जे प्रश्न विचारतात त्यात आणखी एक घाला, तुझा धंदा काय, असे त्यांनी सांगितले. हे त्यांना सुचले कुठून? मोदेना शहरातल्या त्यांच्या घराचा मैलाखड्डा उपसायला आलेल्या माणसाकडे बघून. तो इतकी घाई का करतो म्हणून रामाझिनींनी त्याला विचारले. खड्ड्यात जास्त वेळ थांबलो तर आंधळा होईन, असे तो म्हणाला. मग रामाझिनी शहरातल्या अशा कामगारांचे डोळे बघत फिरले.

मित्रांनो, कामगारांच्या आजारांचे अख्खे शास्त्र एका मैला उपसणाऱ्या माणसाच्या उत्तरातून निघाले आहे. आपल्या देशात हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली पुन्हा करावा लागला, तरी गटारात माणसे गुदमरून मरतात. त्यांना मरायच्या आधी कुणी विचारते का, की बाबा, तू घाई का करतोस?

आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा पुस्तकात ‘व्यवसाय’ हा एक चल म्हणून येत असे. वस्तीत राहणाऱ्याला कळते की हा रकाना जातीचा रकाना आहे. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे हा बाबासाहेबांचा मुद्दा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याला आमची एक छोटी पुस्ती अशी की धूळसुद्धा त्याच विभागणीने वाटली जाते. कोणती धूळ कुणाच्या फुप्फुसात जाणार, हे कारखान्याच्या गेटवर ठरत नाही. ते बरेच आधी ठरलेले असते.

मनमाडची आठवण

याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथेच ठणकावून सांगितले. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून जास्त पगाराचे खाते त्यांना बंद आणि कमी पगाराची खाती उघडी.

म्हणजे आपल्या श्वासाचा आणि थुंकीचा प्रश्न कामगार चळवळीत तेव्हाही होता. तेव्हा आपली थुंकी बाटवते म्हणून दूर ठेवली. आज तीच थुंकी डबीत घेऊन तपासतात, पण ती कुठल्या शेडमधून आली हे विचारत नाहीत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी बघायला गेले होते. मजूर खात्याचा कारभार बघणाऱ्याने कामाची जागा डोळ्यांनी बघावी, हा त्यातला धडा. त्यांच्याच काळात प्रा. अडारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच. पगारातून दर महिन्याला कापले जाणारे ते पैसे म्हणजे निदानाच्या हक्काची पावती आहे. पण ठेकेदार कागदावर कामगार दाखवतच नाही, तेव्हा तो हक्कच मरतो. काकांच्या सतरा वर्षांपैकी ईएसआयची नोंद सापडली ती फक्त तीन वर्षांची.

द्राक्षबागेतला खोकला

हे फक्त कारखान्याचे नाही. नाशिकला द्राक्षांची राजधानी म्हणून मिरवतात. निफाड आणि दिंडोरीच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून आलेले आदिवासी मजूर आणि आपल्या वस्त्यांतली माणसे राबतात. बागेवर बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद आणि चुना. १९६९ साली पोर्तुगालमधल्या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवले की वर्षानुवर्षे हेच मिश्रण फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसात तांबे साठते आणि गाठी-व्रण होतात. त्या आजाराला नावच द्राक्षफवारणी करणाऱ्यांचे फुप्फुस असे पडले.

आता विचार करा. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दहा हंगाम काढलेला माणूस खोकत सरकारी दवाखान्यात आला, तर त्याच्या केसपेपरवर काय लिहितील? ‘शेतमजूर’. काय फवारतोस, किती वर्षे फवारतोस, तोंडाला काय बांधतोस, हे विचारल्याशिवाय तांबे शोधायचे आहे हे डॉक्टरला कळणार कसे? मालेगावचा यंत्रमाग कामगार, सिन्नरची विडी वळणारी बाई, खतप्रकल्पावर कचरा निवडणारा तरुण, सगळ्यांची हीच गोष्ट.

तीन आक्षेप

आम्ही हे बोलतो तेव्हा तीन आक्षेप येतात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला, गरिबाला इतक्या महागड्या तपासण्या कशाला, आधी साधा दवाखाना नीट करा. हे ऐकायला समंजस वाटते. पण असेच शिक्षणाबाबतही म्हटले जायचे, की यांना आधी अक्षरओळख होऊ द्या. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंदचा पाया घातला. आपल्या मुलांना वरची पायरी नंतर मिळेल असे ते म्हणाले नाहीत. साधा दवाखाना हवाच आणि ईबसही हवे. एक द्या म्हणजे दुसरे मागू नका, हा सौदा आपल्याला मान्य नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतल्या मित्रांचा. यंत्राच्या मागे लागू नका, धूळ बंद करायला लढा. बरोबर आहे. सिलिकोसिस बरा होत नाही, पण तो शंभर टक्के टाळता येतो. पाणी मारून धूळ दाबता येते, ती ओढून घेणारी यंत्रणा बसवता येते, नीट मास्क देता येतो. पण ज्या आजाराची नोंदच टीबी म्हणून होते, त्याच्या धुळीविरुद्ध कोण लढणार? मालक म्हणणार, माझ्या शेडमध्ये कुणी आजारीच नाही. निदान हा लढ्याचा पुरावा आहे.

तिसरा आक्षेप काळजीतून येतो. असे लिहिल्याने लोक टीबीच्या गोळ्या सोडतील. म्हणून स्पष्ट सांगतो, कुणीही स्वतःच्या मनाने टीबीचे औषध बंद करू नये. अर्धवट सोडलेल्या औषधाने टीबी अधिक हट्टी होतो. आम्ही गोळी टाका म्हणत नाही. गोळीबरोबर पुरावाही मागा म्हणतो. बेडका तपासला का, जंतू मिळाला का, नसेल तर पुढची तपासणी कोणती, हे विचारा.

कायदा काय म्हणतो आणि आपण काय करायचे

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ८९ ने सिलिकोसिससारखा आजार आढळला तर तो सरकारला कळवण्याची जबाबदारी कारखान्याच्या व्यवस्थापकावर आणि तपासणाऱ्या डॉक्टरवर, दोघांवर टाकली. डॉक्टरने कळवले नाही तर दंड किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये. फाउंड्री त्या कायद्यात धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होती आणि अशा कामगाराची वर्षातून एकदा तरी वैद्यकीय तपासणी सक्तीची होती. आता हा कायदा २०२० च्या नव्या कामगार संहितेत सामावला आहे, पण कळवायच्या आजारांची यादी तिथेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कागदावर आपण उघडे नाही. केसपेपरवर उघडे आहोत.

म्हणून कामाला लागू. वस्तीतल्या प्रत्येक खोकणाऱ्या कामगाराचा कामाचा इतिहास एका पानावर लिहा. कुठली शेड, नेमके काम, कसली धूळ, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, ठेकेदार कोण, बरोबर काम करणारे कोण. गेटपास, हजेरी कार्ड, पीएफचा नंबर, पगाराचा बँकेतला मेसेज, जे असेल त्याचे फोटो काढून ठेवा. डॉक्टरकडे जाताना ते पान पुढे करा आणि केसपेपरवर ‘मजूर’ऐवजी नेमके काम लिहून घ्या. त्याला दोन मिनिटे लागतात. पुढे भरपाईच्या दाव्यात तीच दोन मिनिटे साक्ष देतात.

तपासणी लागली तर दारे ठोठवा. ईएसआय असेल तर त्यातून मागणी करा. नसेल तर धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवण्याचे बंधन आहे. हे बंधन सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ खाली, उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेने आले. दाद नाही मिळाली तर धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय नाशकातच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना चांगली आहे, पण तिचे पॅकेज आजाराच्या नावाने मिळते. ज्याच्या आजाराला अजून नावच नाही तो दारात अडकतो. निदानाच्या तपासण्या योजनेत स्वतंत्रपणे घ्याव्यात ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आणखी दोन मागण्या. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. राज्यभरातले वैद्यकीय विद्यार्थी त्याचीच परीक्षा देतात. रुग्णाचा कामाचा इतिहास न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रात्यक्षिकात गुण कापा, हे निवेदन घेऊन त्या गेटवर आपण जाऊ शकतो. आणि राजस्थानने २०१९ साली सिलिकोसिससारख्या आजारांसाठी धोरण केले. त्यात आजार प्रमाणित झाल्यावर रुग्णाला तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख अशी तरतूद केली. महाराष्ट्राने तसे धोरण करावे.

काकांना नाव मिळाल्यावर काय बदलले? फुप्फुस बदलले नाही. ते आता जिना चढताना दोनदा थांबतात. पण डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या थांबवल्या, ताट वेगळे ठेवणे बंद झाले आणि नातू मांडीवर बसू लागला. भरपाईचा दावा दाखल आहे. ठेकेदार म्हणतो, हा माणूस माझ्याकडे कधी नव्हताच. आणि काकांच्या ग्राइंडरवर आता त्यांचाच भाचा उभा आहे, वय चोवीस. त्याचा एक्स-रे आम्ही काढून घेतला. आज तो स्वच्छ आहे. काम सोड म्हणून सांगणे सोपे आहे. सोडून जाणार कुठे? त्याने शेडमधल्या नऊ जणांच्या सह्या घेऊन पाण्याच्या फवाऱ्याची आणि मास्कची लेखी मागणी केली आहे. पुढच्या तारखेला कामगार कार्यालयात आपण जितके जास्त जण जाऊ, तितका तो एक्स-रे स्वच्छ राहण्याची शक्यता वाढेल.

जय भीम. जय संविधान.